सुतार पक्ष्याच्या डोक्यात गादी नसते

पुन्हा पुन्हा फिरणारा मजकूर साधारण असा: ‘सुतार पक्षी दिवसाला बारा हजार वेळा झाडावर डोकं आपटतो, 1200 जीचा हादरा सोसतो, तरी त्याचं डोकं दुखत नाही. कारण कवटीतलं स्पंजासारखं हाड सगळा धक्का शोषून घेतं आणि मेंदूभोवती गुंडाळलेली जीभ सीटबेल्टसारखी त्याला धरून ठेवते. त्यावरूनच शास्त्रज्ञ हेल्मेट बनवतात.’ (1 जी म्हणजे मोकळ्या पडणाऱ्या वस्तूला गुरुत्वाकर्षणाने मिळणारं त्वरण.) सोबत कवटीचं चित्र, त्यात लाल रंगाने दाखवलेली लांबलचक जीभ. चित्र बरोबर आहे. त्याखालच्या मजकुराचं मात्र एकेक वाक्य तपासावं लागतं.

‘स्पंजासारखं हाड धक्का शोषून घेतं’

खिळा ठोकायच्या हातोडीला कुणी रबर लावत नाही. लावलं तर मनगटाला बरं वाटेल, पण खिळा जागचा हलणार नाही. सुतार पक्ष्याचं डोकं ही त्याची हातोडी आणि चोच ही पटाशी. या दोघांमध्ये गादी बसवली तर घावातली ऊर्जा गादी दाबण्यातच जाईल, आणि तेवढंच लाकूड फोडायला पक्ष्याला आणखी जोरात घाव घालावा लागेल. म्हणजे हादरा होता तिथेच, आणि मेहनत वाढली ती वेगळीच.

हा नुसता तर्क नाही. अँटवर्प विद्यापीठाचे सॅम व्हॅन वॉसेनबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2022 साली याचं मोजमाप प्रसिद्ध केलं. तीन जातींचे सहा पक्षी लाकूड फोडत असताना त्यांनी अतिवेगवान कॅमेऱ्याने चित्रण केलं आणि चोचीवरचे व डोळ्याजवळचे बिंदू चौकट-चौकट करत मोजले. मध्ये गादी असती तर चोच थांबल्यावरही कवटी क्षणभर पुढे सरकत राहिली असती आणि डोळा चोचीच्या जवळ आला असता. तसं काही दिसलं नाही. चोच ज्या झपाट्याने थांबते त्याच झपाट्याने डोळ्याजवळचा भागही थांबतो. डोकं एकसंध, ताठ हातोड्यासारखं वागतं.

आकडे मांडून पाहा. डोकं सेकंदाला 5 मीटर वेगाने आलं आणि 400 जी इतक्या ऋण त्वरणाने (म्हणजे वेग कमी होण्याच्या दराने) थांबलं, तर ते साधारण 3 मिलिमीटरमध्ये, सव्वा मिलिसेकंदात थांबतं. हे 3 मिलिमीटर येतात लाकडातून: टोक आत घुसतं, तंतू चेपतात. ब्रेक लागतो तो झाडात. मेंदूचा हादरा निम्मा करायचा तर कवटीने प्रत्येक ठोक्याला आणखी 3 मिलिमीटर दबायला हवं, आणि जेमतेम काही सेंटिमीटरच्या डोक्यात ते कॅमेऱ्याच्या नजरेतून सुटलं नसतं. शिवाय दबलेली वस्तू एक तर स्प्रिंगसारखी उसळते, नाही तर चेपलेलीच राहते. पुढचा ठोका लगेच यायचा असतो. दोन्ही सोयीचं नाही.

मग ते जाळीदार हाड कशाला? ते मऊ नसतंच मुळी. पातळ हाडाच्या पट्ट्यांची ती जाळी आहे, कमी वजनात ताठपणा आणि मजबुती देणारी. ‘स्पंज’ हा शब्द रचनेबद्दल आहे. वाचणारा तो मऊपणाबद्दल घेतो आणि घोटाळा इथेच होतो.

‘जीभ मेंदूभोवती गुंडाळलेली असते’

मेंदूभोवती नाही, कवटीभोवती; हाडाच्या बाहेरून, कातडीखालून. जिभेच्या आधाराची हाडं, म्हणजे हायॉइडची दोन लांब शिंगं, घशाकडून मागे जातात, कवटीच्या मागून डोक्यावर चढतात आणि काही जातींत थेट नाकपुडीच्या खोबणीपर्यंत पोचतात. या शिंगांवर स्नायूचं वेष्टन असतं. स्नायू आकसला की शिंगं कवटीला घट्ट चिकटत पुढे ढकलली जातात आणि जीभ चोचीबाहेर निघते. युरोपातल्या हिरव्या सुताराची जीभ अशी सुमारे 10 सेंटिमीटर बाहेर येते. चिकट लाळेने मुंग्या आणि काटेरी टोकाने अळ्या बोगद्यातून ओढून काढायच्या, हे तिचं काम.

सीटबेल्टची कल्पना मोडायला हमिंगबर्ड पुरेसा आहे. त्याचंही हायॉइड असंच कवटीला वळसा घालून कपाळावर येतं, आणि तो आयुष्यभर फुलांतला मध पितो. लाकडाला चोच मारत नाही. उलट, झाडाचा रस पिणारे सॅपसकर हे सुतारच. खोडाला रांगेने भोकं पाडतात, पण त्यांची शिंगं बरीच आखूड असतात. लांब जीभ हवी की शिंगं लांब, इतकाच हिशेब.

‘एवढा हादरा सोसतो म्हणजे काहीतरी खास संरक्षण असणारच’

खास आहे तो आकार. डोकं अचानक थांबतं तेव्हा मेंदूच्या पुढच्या व मागच्या टोकांत दाबाचा फरक पडतो. तो ढोबळमानाने घनता, ऋण त्वरण आणि मेंदूची लांबी यांच्या गुणाकाराइतका असतो. मेंदू 2 सेंटिमीटरचा आणि हादरा 400 जी, तर हा फरक 80 किलोपास्कलच्या आसपास येतो. माणसाचा मेंदू 16 सेंटिमीटर लांब. त्याला 100 जी बसले, म्हणजे मेंदूला मार बसण्याच्या पातळीचा फटका, तर तोच फरक 155 किलोपास्कलच्या पुढे जातो. चौपट हादरा असूनही पक्ष्याच्या मेंदूवर ताण निम्माच. व्हॅन वॉसेनबर्ग यांच्या गणितातूनही हेच निघालं: या पक्ष्यांच्या मेंदूतला दाब इजेच्या पातळीखाली राहतो. दुसरी जमेची बाजू म्हणजे घाव बराचसा सरळ रेषेत पडतो. मेंदूला सर्वांत घातक असतं ते डोकं गर्रकन फिरणं, आणि ते इथे कमी असतं.

1200 जी हा आकडा 1970च्या दशकातल्या चित्रणावरून काढलेल्या 600 ते 1500 जीच्या पल्ल्यातला दिसतो. नव्या मोजमापात सर्वांत मोठे हादरे 400 जीच्या घरातले आहेत.

‘तरी त्याचं डोकं दुखत नाही’

हे पक्ष्याला विचारायची सोय नाही. (याच प्रश्नावरच्या कामाला 2006 साली इग नोबेल, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं बक्षीस, मिळालं, तो भाग वेगळा.) 2018 साली संग्रहालयांत जपलेल्या सुतार पक्ष्यांच्या मेंदूंत टाऊ प्रथिनाचे साठे सापडले. माणसांत हे साठे मेंदूच्या इजेशी जोडले जातात. पक्ष्यांत ती इजाच आहे असं यातून सिद्ध होत नाही, पण ‘काहीच होत नाही’ असं छातीठोकपणे म्हणायलाही जागा उरत नाही.

‘त्यावरूनच हेल्मेट बनवतात’

दुचाकीच्या हेल्मेटमधलं कडक थर्माकोल चेपून थांबण्याचं अंतर वाढवतं, आणि एका मोठ्या आपटीनंतर ते हेल्मेट बदलावं लागतं. सुतार पक्ष्याचं डोकं नेमकं याच्या उलट कामासाठी घडलं आहे. त्याची नक्कल करून टोपी केलीच, तर ती खिळे ठोकायला चांगली.