काहून ओतता बोअरचं पाणी?

राजेहो, गाडीच्या रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी काहून ओतता? आंघोळीचं पाणी तापवायच्या गंजाला बसते तोच पांढरा थर आतल्या बारीक नळ्यांत बसते. मग मे महिन्यात, 45 डिग्रीत इंजिन तापल्याचा लाल दिवा लागला की दोष गाडीचा! कूलंट अन् डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं, एवढंच तर आहे.

अन् रोज कूलंटची पातळी उतरते तर नुसतं टॉपअप काय करता? इंजिन थंड असताना पाहा: झाकणाचं रबर, होजचे क्लॅम्प, वॉटर पंपाखालचं छिद्र. तिथून ओघळ आला म्हणजे पंपाचं सील गेलं. बाहेर थेंब नाही, पण गरम इंजिनातही पांढरा धूर थांबत नाही? बहुतेक हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाच्या हेडखालचं सील, गेलं. पाणी पारच आटलं तर तापमानाचा सेन्सर कोरडा पडते, काटा खालीच राहते, अन् आपण खुश! थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी अडवून धरणारा व्हॉल्व्ह, काढून फेकणारे मिस्त्री तर वेगळेच, बाप्पा.