डिकीत वाळू भरून गाडी रस्त्याला चिकटत नाही

‘छोटी गाडी मागून का उडते? कंपन्या हे तुम्हाला कधीच सांगणार नाहीत!’ असा एक मेसेज सध्या घराघरांतल्या ग्रुपवर फिरतोय. हॅचबॅकची मागची दोन चाकं एकाच दांड्याला जोडलेली असतात, ही म्हणे फसवणूक. उपाय असे: डिकीत कायम ५० किलो वाळूचं पोतं ठेवा, मागच्या स्प्रिंगमध्ये रबरी बफर घाला, दोनच नवे टायर घेणार असाल तर पुढे टाका, आणि मागच्या चाकांच्या अलाइनमेंटवर पैसे घालवू नका. असले मेसेज मी वाचतही नाही. पण दाजींनी हा वाचून खरंच डिकीत पोतं टाकलं, आणि ताई दोन्ही मुलांना मागे बसवून कुंभार्ली घाटाने चिपळूणला निघाली होती. आता गप्प बसवत नाही.

आधी वाळू. भरलेली गाडी खड्ड्यात कमी आपटते हे खरं आहे, आणि लोक फसतात ते इथेच. डिकी मागच्या चाकांच्याही मागे असते. स्विफ्टएवढ्या गाडीत पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर २४५० मिलिमीटर. मागच्या चाकांपासून अर्धा मीटर मागे ५० किलो ठेवले, तर मागच्या चाकांवर ६० किलोचा भार वाढतो आणि पुढच्या चाकांवरचा १० किलोने कमी होतो. गाडी ओढायची, वळवायची आणि ब्रेकचा मोठा वाटाही उचलायचा तो याच पुढच्या चाकांनी! त्याहून वाईट म्हणजे, वळणावर समोर म्हैस आली आणि स्टिअरिंग झटक्यात फिरवावं लागलं, की हेच मागे ठेवलेलं वजन गाडीचा मागचा भाग बाहेर फेकतं.

हे माझ्या मनाचं नाही. ऑक्टोबर १९९७ मध्ये स्वीडनमध्ये ‘टेक्निकेन्स व्हेर्ल्ड’ या मासिकाने मर्सिडीजची नवी छोटी ए-क्लास गाडी तपासली. रस्त्यात अचानक मूस हरीण आलं तर गाडी आधी एकीकडे आणि लगेच दुसरीकडे वळवावी लागते, त्याची ही चाचणी. त्यात ए-क्लास उलटली. या चाचणीत सगळ्या सीटवर माणसं बसवतात आणि डिकीत वजन ठेवून गाडी मुद्दाम पूर्ण भरतात, म्हणजे तिची जास्तीत जास्त कसोटी लागते. मेसेजवाला ज्याला इलाज म्हणतो, तो तिथे परीक्षा कठीण करण्यासाठी वापरतात. मर्सिडीजला विक्री थांबवावी लागली, विकलेल्या गाड्या परत बोलवाव्या लागल्या. इलाज म्हणून त्यांनी सस्पेन्शन बदललं आणि प्रत्येक ए-क्लासला ईएसपी दिलं, म्हणजे गाडी घसरू लागली की एकेका चाकाला आपोआप ब्रेक लावून तिला सावरणारी यंत्रणा. डिकीत वजन टाकून प्रश्न सुटत असता तर एवढा खर्च कोणी केला असता?

आणि धडक झाली तर? जोराच्या धडकेत गाडी क्षणात थांबते, तेव्हा सुटी वस्तू स्वतःच्या वजनाच्या वीसपट जोराने पुढे येऊ शकते. म्हणजे ५० किलोचं पोतं मागच्या सीटच्या पाठीवर टनभराच्या जोराने येणार. त्या सीटवर मुलं बसलेली आहेत.

मग गाडी मागून उडते ती का? बहुतेक वेळा शॉकअपमुळे. स्प्रिंग गाडीचा भार घेते, पण तिचं उसळणं थांबवतो तो शॉकअप. दाजींच्या गाडीखाली वाकून पाहिलं तर मागच्या डाव्या शॉकअपच्या नळीवर तेल ओघळलेलं होतं आणि त्यावर धुळीचा काळा थर धरला होता. तो कोपरा दाबून सोडला तर गाडी खाली-वर, खाली-वर होतच राहिली. शॉकअप धड असेल तर ती एकदा वर येऊन जागेवर थांबते. मागचे दोन्ही शॉकअप जोडीने बदलायचे, एक कधीच नाही. त्याच वेळी दांडा जिथे बॉडीला धरतो तिथले दोन रबरी बुशही बघून घ्यायचे. ते चिरले की लेन बदलताना गाडीचा मागचा भाग किंचित उशिरा येतो आणि पोटात गोळा येतो.

दांड्याबद्दलचं म्हणणं अर्धं खरं आहे, तेवढं मान्य करावं लागेल. हा दांडा, म्हणजे टॉर्शन बीम, स्वस्त पडतो, जागा कमी घेतो, आणि एका चाकाला बसलेला दणका काही प्रमाणात दुसऱ्यापर्यंत जातो. खडबडीत वळणावर मागची बाजू थोडी सरकते, तेही खरं. पण फसवणूक कसली? १९७४ मध्ये फोक्सवॅगनच्या सिरॉको आणि गोल्फमध्ये तो आला, आणि आज आपल्याकडच्या बहुतेक हॅचबॅकमध्ये तोच आहे. धड ठेवला तर तो उत्तम चालतो.

रबरी बफर स्प्रिंगच्या वेटोळ्यांत अडकतात, म्हणजे तेवढी स्प्रिंग कामातून गेली. गाडी मागून उंच दिसते आणि कडक होते. आधीच दमलेल्या शॉकअपला ती कडक स्प्रिंग आवरत नाही, आणि चाक रस्ता सोडतं.

टायरचा सल्ला मात्र पावसाळ्यात जिवावर बेतणारा आहे. दोनच नवे घ्यायचे तर ते मागे टाकायचे, मिशेलिनसुद्धा हेच सांगते. ओल्या रस्त्यावर पुढची चाकं घसरली तर गाडी सरळ जायला बघते, पाय ॲक्सिलरेटरवरून काढला की बहुतेक वेळा सावरते. मागची घसरली तर गाडी गिरकी घेते, आणि घाटात तिला सावरायला जागाच नसते.

राहिली अलाइनमेंट. अशा बहुतेक गाड्यांत मागची चाकं जुळवून घेण्याची सोय नसते, हे बरोबर. मोजता मात्र येतात. आकडा मर्यादेबाहेर गेला असेल तर मोठ्या खड्ड्यात दांडा वाकला असेल किंवा बुश गेले असतील, आणि ते पुढची चाकं कितीही जुळवली तरी कळणार नाही. म्हणून पैसे देण्याआधी चारही चाकांचा छापील रिपोर्ट मागा.