धबधबा आणि नळ

कॉन्ट्रा या व्हिडिओ गेमची तिसरी लेव्हल धबधब्याची. आमच्या घरात ती कुणालाच पार करता आली नाही, आणि त्याचं खापर मी सोलापुरातल्या आमच्या नळावर फोडतो.

कोनामी या जपानी कंपनीचा हा गेम १९८७ सालचा, नाणं टाकून खेळायच्या मशिनवरचा. पुढच्याच वर्षी तो निन्टेन्डोच्या घरगुती मशिनवर आला आणि आमच्याकडे, बऱ्याच वर्षांनी, त्या मशिनच्या नकलेवर. नवी पेठेतून आणलेल्या कॅसेटवर ९९९९ गेम असं छापलेलं. मोजले तर सतरा. बाकी तेच सतरा, नावं बदलून. कॅसेटमध्ये फुंकर मारल्याशिवाय तेही दिसायचे नाहीत.

एक गोळी लागली की एक लाइफ गेली. मिळायच्या तीन. पण वर वर, खाली खाली, डावं उजवं, डावं उजवं, बी, ए असं दाबलं की तीस! हा मंत्र कोनामीतल्या काझुहिसा हाशिमोतो यांचा. १९८६ साली ग्रॅडियस हा कोनामीचाच दुसरा गेम घरगुती मशिनवर आणताना तो गेम त्यांनाच जमेना, म्हणून ठेवलेली चोरवाट. हे वाचलं तेव्हा मला जीव भरून आला. करणाऱ्यालाच जमत नव्हतं!

धबधब्यावर मात्र तीससुद्धा पुरायच्या नाहीत. दोघं खेळताना एक जण वर चढला की पडदाही वर सरकतो आणि खाली राहिलेला फुकट मरतो. मूळ मशिनचा पडदा उभा होता, आमचा टीव्ही आडवा आणि दादा उतावळा. "चढ की बे!" म्हणत तो वर, मी खलास. शत्रूनं मला क्वचितच मारलं.

एवढ्यात मोरीतून आईची आरोळी: "पाणी आलं रे!" चार दिवसांनी येणारं पाणी. पिंप, घागरी, कळश्या, शेवटी डाळीचं पातेलंसुद्धा. स्टार्ट दाबून गेम थांबवायचा आणि पळायचं. परत येऊन बघावं तर टीव्ही बंद. आजी म्हणायची, "चित्र हलेना बाबा, बिघडलाय वाटलं. केला बंद."

एकदा मे महिन्यात आम्ही खरंच धबधब्याच्या माथ्यावर पोचलो. ॲडॉप्टर इतका तापलेला की त्यावर पापड भाजला असता. समोर बॉस, म्हणजे लेव्हलच्या शेवटचा मोठा शत्रू, माझ्याकडे पाच गोळ्या फेकणारी एसची बंदूक, आजी झोपलेली, पाणी आदल्याच दिवशी येऊन गेलेलं.

लाइट गेली.

"थांब की, येईल आता," दादा म्हणाला. अंधारात आम्ही रिमोट धरून बसलो. आणि मोरीत नळानं आधी फुस्स केलं, मग घुर्र.