स्टिकर काढायला थिनर? मावशीची डिकी येऊन बघा

‘गाडीवरचे कितीही जुने स्टिकर 5 मिनिटांत काढा’ हा मेसेज गेले दोन आठवडे आमच्या नातेवाइकांच्या प्रत्येक ग्रुपवर फिरतोय. त्यातले उपाय असे: थिनर किंवा पेट्रोल चोळा, उरलेलं ब्लेडने खरवडा, उकळतं पाणी ओता, चिकटपणा खोबरेल तेलाने काढा आणि राहिलेला डाग टूथपेस्टने घासा. मी वाचून सोडून दिला होता. रविवारी इंदूरच्याच लोकमान्य नगरात मावशीकडे गेले, तर ती गाडीमागे उकिडवी बसलेली, शेजारी थिनरची बाटली, हातातली चिंधी लालभडक. स्टिकर होता तिथेच होता. चिंधीवर उतरला होता तो गाडीचा रंग.

गाडी सेकंडहँड घेतलेली लाल वॅगन आर. डिकीवर आधीच्या मालकाच्या मुलांची नावं आणि पंख पसरलेला मोठा गरुड. “अगं, कंपनीच्या रंगाला थिनरने काही होत नाही असं लिहिलंय की त्यात,” मावशी म्हणाली.

सगळ्यात जास्त नुकसान हेच वाक्य करतं. कारखान्यात गाडीचा रंग सुमारे 140 अंशांवर भट्टीत भाजून पक्का करतात. त्यावरून थिनरचा बोळा एकदा चटकन फिरवला तर बहुधा निभावतं, एवढं मी नाइलाजाने मान्य करते. पण चोळत बसलं की वरचा पारदर्शक थर, म्हणजे क्लिअर कोट, मऊ पडतो आणि चमक जाते. शिवाय जुन्या गाडीचा प्रत्येक पत्रा अजून कंपनीच्याच रंगात आहे, हे छातीठोकपणे कोण सांगणार? मावशीची डिकी कधीतरी ठोकर लागल्यावर बाहेर रंगवून घेतलेली होती. गॅरेजात मारतात तो एनसी, म्हणजे नायट्रोसेल्युलोज, रंग मुळात थिनरमध्ये कालवूनच फवारतात, थिनर उडालं की तो सुकतो. त्याला परत थिनर लावलं की तो परत विरघळतो. दोन तळहातांएवढा चट्टा पडलाय आणि खालचा प्रायमर दिसतोय.

पेट्रोलचा सल्ला वाचून तर माझा संतापच झाला. पेट्रोलची वाफ शून्याखाली 40 अंशांच्या आसपाससुद्धा पेट घेऊ शकते आणि हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत पसरत जाते. मावशीच्या पार्किंगला लागून तळमजल्याचं स्वयंपाकघर आहे, तिथे गॅस चालू असतो. पेट्रोलने ओली चिंधी घेऊन ती तिथे बसली असती तर?

गाडीसोबत मिळालेलं मारुतीचं पुस्तक समोरच्या कप्प्यातच पडलेलं होतं. मी ते काढून मावशीला वाचून दाखवलं. गाडी आतून किंवा बाहेरून साफ करताना लॅकर थिनर, पेट्रोल, बेंझीन, ब्लीच किंवा घरातले कडक डिटर्जंट वापरू नका, माणसाला इजा किंवा गाडीचं नुकसान होऊ शकतं, असा स्पष्ट इशारा त्यात आहे. गाडी बनवणाराच नको म्हणतोय, मग आणखी कोणाला विचारायचं?

ब्लेड काचेवर जपून चालतं, पण मागच्या काचेच्या आतून डिफॉगरच्या, म्हणजे काच तापवून धुकं घालवणाऱ्या, बारीक रेघा असतील तर तिथेही नाही. पत्र्यावर तर मुळीच नाही. रंगाचे सगळे थर मिळून जेमतेम दशांश मिलिमीटर भरतात आणि क्लिअर कोट केसाहून पातळ असतो.

पाण्याबाबत अर्धं खरं आहे. उष्णतेने स्टिकरचा डिंक सैल होतो. पण उकळतं पाणी उभ्या डिकीवर ठरत नाही, पायावर येतं, आणि गार काचेवर पडलं तर काच तडकू शकते. त्यापेक्षा केस वाळवायचा ड्रायर घ्या. आधी गाडी धुवा, म्हणजे धुळीचे कण घासले जाणार नाहीत. मग वीतभर अंतरावरून ड्रायर सतत हलवत ठेवा, पत्रा हाताला सोसेल इतकाच तापू द्या. कोपरा नखाने किंवा जुन्या एटीएम कार्डाने उचला आणि स्टिकर त्याच्याच अंगावर दुमडत हळूहळू ओढा. उन्हाने कडक झालेला स्टिकर तुकड्यातुकड्यांनीच येतो, अशा वेळी परत गरम करायचं. बाहेर रंगवलेल्या पत्र्यावर तर आणखी सबुरीने, कारण तिथला रंगच स्टिकरबरोबर सुटून येऊ शकतो.

खोबरेल तेल बरोबर आहे. दहा मिनिटं लावून ठेवा, मऊ कापडाने पुसा, शॅम्पूने धुवा.

टूथपेस्ट घासून मात्र फक्त बारीक ओरखडे पडतील. स्टिकरखाली दिसतो तो डाग नसतोच. तिथला रंग उन्हापासून वाचलेला असतो, आजूबाजूचा फिका पडलेला असतो. चांगल्या पॉलिशने हा फरक थोडा कमी होतो, पूर्ण जात नाही.

उरलेला गरुड आम्ही त्याच दुपारी काढला. पाऊण तास लागला, पण चट्ट्याच्या बाहेर रंगाचा एक टवकाही उडाला नाही. ड्रायर मावशीच्याच कपाटात होता.