चिंच, मीठ आणि दोन हजार वर्षं

संग्रहालयात नेमणूक झाली म्हणता? पेढे हवेत. पहिल्या दिवशी कपाट उघडाल तेव्हा जीव कळवळेल. ताम्रपट हिरवट, मूर्ती तपकिरी, तलवारी काळवंडलेल्या. त्यात पाहुणे विचारणार, "इथं कोणी पुसत नाही का हो?" घरचे देव दिवाळीला कसे लखलखतात ते आठवा आणि कामाला लागा.

चिंच आणि मीठ आणा, कांसं घसाघसा घासा. तो थर चढायला शतकं लागली, उतरवायला दहा मिनिटं पुरतात. सरकारी कामात इतका वेग कुठं बघायला मिळतो? त्याबरोबर ताम्रपटावरची एखादी वेलांटी गेली तर जाऊ द्या, वाचणारे तरी कितीसे उरलेत! शिवाय मिठातलं क्लोराईड भेगांत दडून बसतं. दमट हवा मिळाली की त्याचं तांब्याशी जमतं, त्यातून आम्ल सुटतं, ते आणखी तांबं खातं, की पुन्हा पहिल्यापासून. पावसाळा संपता संपता मूर्तीच्या कोपराशी फिकट हिरवी, खडूसारखी पूड दिसेल. बोटानं टिपलीत तर खाली खड्डा. जाणकार याला कांस्यरोग म्हणतात. तुम्ही बुरशी म्हणा आणि ओलं फडकं फिरवा.

हातमोजे घालायला आपण काय डॉक्टर आहोत? घामातही मीठच असतं. साहेबांनी पातं हातात घेऊन फोटो काढला, की महिन्याभरात त्यांचा अंगठा गंजाच्या रंगात उमटतो. सही नको की शिक्का नको.

सातवाहनांची शिशाची नाणी मात्र नव्याकोऱ्या प्लायवूडच्या कपाटात, दार घट्ट लावून ठेवा. लाकडातून ॲसिटिक आम्लाची वाफ निघते, नाण्याची पांढरी भुकटी होते. कपाट टेंडरप्रमाणे आहे ना, मग झालं!

काही तुटलंच तर कैरोच्या संग्रहालयाचा धडा गिरवा. २०१४ साली प्राचीन इजिप्तचा राजा तुतानखामेन याच्या सोन्याच्या मुखवट्याची दाढी निखळली, ती इपॉक्सी या पक्क्या गोंदानं चिकटवून टाकली. ते खरवडून मधमाश्यांच्या मेणानं नीट बसवायला पुढं जर्मन तज्ज्ञ लागले, कर्मचाऱ्यांवर खटले झाले. पण घाई किती छान होती!

दसऱ्याला तलवारी बाहेर काढा. हळद, कुंकू, झेंडूची ओली फुलं, वर नारळाचं पाणी. पातं उन्हात चमकलं पाहिजे, पत्रकार येणार आहेत. गंज वर यायला वेळ लागतो, तोवर तुमची बदली झालेली असते.