दाण्यांचं ठीक, भुकटीचं काय?
पॉलिलॅक्टिक आम्ल, म्हणजे मक्यासारख्या पिकांपासून बनणारं प्लास्टिक, हाताळायला निर्धोक आहे, असं त्यावरच्या एका लेखात म्हटलंय. प्लास्टिकच्या दाण्यांपुरतं ते खरं. पण तेच दळलं की हवेत उडालेली बारीक भुकटी ठिणगीने पेट घेते, बंद जागेत स्फोटही होऊ शकतो. म्हणून यंत्रांना अर्थिंग हवंच, आणि साचलेली भुकटी कॉम्प्रेसरच्या हवेने उडवणं तर कृपा करून बंद करा. यंत्रात वितळलेला पॉलिमर (म्हणजे हेच प्लास्टिक) १८० ते २२० अंश सेल्सियसला असतो. कातडीवर पडला तर ओढून काढू नका, सोबत कातडी निघते. गार पाण्याखाली धरा, डॉक्टर गाठा. फार तापवल्यास लॅक्टाइडची (ज्यापासून हे प्लास्टिक बनतं त्या पदार्थाची) वाफ निघते, डोळे चुरचुरतात. वाफ बाहेर ओढणारा पंखा नसेल तर यंत्र सुरूच करू नये.