सगळ्या पीडीएफ सारख्या नसतात

ग्रुपवर कुणी पुस्तकाची पीडीएफ मागितली की दोनच सूर उमटतात. एक, "ज्ञान सगळ्यांचं आहे." दुसरा, "ही सरळसरळ चोरी आहे." मला दोन्ही पुरते पटत नाहीत.

नवं पुस्तक घ्या. मराठीत आवृत्ती बहुतेकदा हजार प्रतींची, हल्ली कित्येकदा पाचशेचीच. किंमत ३०० रुपये आणि मानधन दहा टक्के धरलं, तर हजारच्या हजार प्रती खपल्यावर लेखकाला मिळतात ३०,००० रुपये. अक्षरजुळणी, मुद्रितशोधन, मुखपृष्ठ हा खर्च पहिली प्रत निघायच्या आधीच झालेला असतो. पीडीएफ वाटणाऱ्याला यातला एक रुपयाही घालावा लागत नाही. फुकट घेणारे सगळेच विकत घेणार होते असं नाही, हे मान्य. पण एवढ्याशा आवृत्तीत दोनशे गिऱ्हाइकं गळाली तरी दुसरी आवृत्ती निघत नाही. नवंकोरं पुस्तक ग्रुपवर टाकणाऱ्याबद्दल मला जराही सहानुभूती नाही.

दुसरी पीडीएफ वेगळी असते. पिवळी पानं, वाचनालयाचा गोल शिक्का, कोपऱ्यात स्कॅन करणाऱ्याचा अंगठा. पुस्तक पंचवीस वर्षांत छापलेलंच नाही. अप्पा बळवंत चौक पालथा घाला, रद्दीवाल्याकडे बघा, मिळत नाही. विकायला प्रतच नाही, तर बुडालं कुणाचं?

याचं मूळ कायद्याच्या मुदतीत आहे. १९५७च्या कॉपीराइट कायद्यात हक्काची मुदत लेखकाच्या मृत्यूनंतर ५० वर्षं होती, ती १९९२ मध्ये ६० केली. रवींद्रनाथ १९४१ मध्ये गेले, त्यांचे हक्क संपत आले होते म्हणून. ती वाढ मग देशातल्या यच्चयावत लेखकांना लागू झाली. आता हिशेब करा. साठ वर्षांनी मिळणाऱ्या १०० रुपयांची आजची किंमत, सात टक्के व्याज धरलं तर, दोन रुपयांहूनही कमी. त्या दोन रुपयांसाठी कोण लिहायला बसतो?

साने गुरुजी १९५० मध्ये गेले. २०११ पासून त्यांची पुस्तकं खुली झाली, आज ती कितीतरी प्रकाशक स्वस्तात छापतात. १९७५ मध्ये गेलेल्या एखाद्या विसरल्या गेलेल्या लेखकाला मात्र २०३६ उजाडावं लागेल. तोवर वारस कोण, करार कुणाकडे, काही सापडत नाही, आणि छापायची इच्छा असलेला प्रकाशकही भीतीने हात लावत नाही.

माझी मागणी सरळ आहे. दहा वर्षं पुस्तक बाजारात नसेल, तर ठरावीक मानधन जमा करून ते कुणालाही छापता यावं. याच कायद्याच्या कलम ३१ मध्ये परवान्याची सोय आहे, पण आधी हक्कदाराचा नकार हवा आणि मग दाद मागत फिरायचं. पाचशे प्रतींसाठी वकील कोण लावणार?

आणि तुम्ही लेखक असाल तर कपाटातला करार बाहेर काढा. १९९५ नंतरचा असेल आणि त्यात मुदत लिहिलेली नसेल, तर कलम १९ प्रमाणे हक्क पाच वर्षांपुरतेच दिलेले धरतात. म्हणजे ती पाच वर्षं उलटली असतील, तर तेच पुस्तक ई-बुक करून पन्नास रुपयांना तुम्ही स्वतः विकू शकता.